धनजच्या अकरा सह्या

कारंज्यात एसटी स्टँडासमोर माह्यं दुकान आहे. मोबाइल रिपेरिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. वसीमचं दुकान म्हणा, कोणीबी दाखवते. मी दहावी पास. पण लेयर टू ब्लॉकचेन म्हणजे काय, त्यातली कोणती पळते अन् कोणती एकाच माणसाच्या मुठीत आहे, हे मी तुमाले बसल्या जागी सांगू शकतो. हसू नका. मले हे साक्षीनं शिकवलं, अन् शिकूनसवरून मी जे केलं ते ऐकसान तं हसणं आपोआप बंद होईन.

साक्षी धनज गावची. भागिरथाबाईची एकुलती एक पोरगी. बाप लवकर गेला, मायनं चार एकर एकटीनं सांभाळले अन् पोरीले अमरावतीले इंजिनीयर केलं. मंग पुण्यात नोकरी लागली, ब्लॉकचेन तपासाची. तीन वर्षांनं मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा रजा घेऊन आली, ते गावातच राह्यली. आज ती स्टँडामागच्या कम्प्युटर क्लासमंधी पोराइले टायपिंग शिकवते. धनजचे लोक म्हणतात, पोरगी हुशार होती पण घमेंडी निघाली. माह्यासमोर कोणी असं म्हटलं का माह्यं डोकंच सरकते. गिऱ्हाईक असो का सोयरा, मी त्याले दुकानाबाहेर काढतो.

घमेंड कायची बे? तिची सारी गोठ तं ऐका आधी.

धनजले अन् आजूबाजूले काही घरच्या बाया गट करून बिनफवारणीचा कापूस घेतात. तीन वर्षं वावरात औषधाचा एक थेंब नाही पडला पाहिजे, तवा कुठी सेंद्रिय मालाचं सर्टिफिकेट भेटते. ती तीन वर्षं काय असतात ते मले विचारू नका, भागिरथाबाईले विचारा. बोंडअळी डोळ्यासमोर बोंड खाऊन राह्यली अन् बाई निंबोळीचा अर्क घेऊन उभी. शेजारचे हसत. तेवढं सोसून सर्टिफिकेट आलं, अन् पहिल्याच हंगामात एका व्यापाऱ्यानं आपल्या कम्प्युटरवर त्याइचा माल साधा कापूस म्हणून चढवला. बाया भांडाले गेल्या तं म्हणे, कम्प्युटरमंधी असंच आहे. झालं. कम्प्युटर त्याचा, लिहिणारा तो, अन् खरं-खोटं ठरवणाराबी तोच.

साक्षीच्या डोक्यात हे बसलं होतं. म्हणून मालाची नोंद ब्लॉकचेनवर ठेवणारी एक कंपनी गावात आली तवा तिनं आपणहून सांगतलं का, कोणती चेन घ्याची याचा अभ्यास मी करून देतो. फुकट करून देल्ला. कंपनीचे अमरदीपसाहेब खुश झाले. पांढरे बूट घालून वावरात येणारा माणूस, पण बोलाले गोड.

दोन महिने ती माह्या दुकानात बसली, कारण धनजले लाइन राहे ना, रेंज राहे ना, अन् माह्याकडे इन्व्हर्टर होता. काउंटरच्या कोपऱ्यात तीन फोन मांडून दर दहा मिनिटांनं नोंद पाठवे अन् कागदावर वेळ लिहे. मी एक दिवस वैतागून म्हटलं, "साक्षी, हे तू काय करून राह्यली मले समजन असं सांग, नाही तं जागेचं भाडं दे."

ती हसली. म्हणे, "वसीमभाई, मूळ साखळी म्हणजे एकच नोंद हजारो कम्प्युटरवर. एकानं खोटं लिहिलं तं बाकीचे मानत नाहीत. म्हणून भरोशाची, अन् म्हणूनच हळू. सेकंदाले पंधरा-वीस नोंदी, त्याबी महाग. म्हणून तिच्यावर दुसरा मजला चढवला. नोंदी वरच्या मजल्यावर भराभर घ्याच्या, त्याइचा गठ्ठा बांधाचा, अन् गठ्ठ्याचा पुरावा खाली मूळ साखळीत टाकाचा. हेच लेयर टू."

"मंग तीन फोन कायले?"

"कारण गठ्ठा कोण बांधते, यात फरक आहे."

एकेका फोनवर एकेक चेन होती. पहिलीत गठ्ठा बांधणारा कम्प्युटर एकच, एका कंपनीचा. भन्नाट वेग, सेकंदाले दोन हजार नोंदी. कोणी खोटं घुसवलं तं सात दिवसांत हरकत घेता येते, पण हरकत घ्याची परवानगी कंपनीनं निवडलेल्या मोजक्या लोकाइलेच. दुसरीत प्रत्येक गठ्ठ्यासंगं गणिताचा पुरावा जाते, म्हणून खोटं लिहिताच येत नाही. वेगबी चांगला. मी म्हटलं, मंग हेच घे ना. तिनं मान हलवली. "खोटं लिहिता येत नाही, हे खरं. पण तुमची नोंद घ्याचीच नाही असं त्यानं ठरवलं तं? बांधणारा तिथीबी एकच आहे. गणित तुमाले दारातून आत नेत नाही." तिसरीत गठ्ठा बांधणारे बरेच, पाळीपाळीनं. एकानं नाही घेतलं तं दुसरा घेते, अन् साऱ्याइनं नाकारलं तं सरळ खाली मूळ साखळीत जाऊन नोंद टाकता येते. पण हळू. कधी पाच मिनिटं लागत, कधी वीस. खर्चबी जास्त.

एक दिवस पहिली चेन चार घंटे बंद पडली. बांधणारा कम्प्युटर बिघडला तं सारं जगच ठप. साक्षी अशी खुश झाली का मले वाटलं पोरीचं लग्न जमलं. म्हणे, "मले हेच पाहाचं होतं." तिनं एक तक्ता बनवला. एका रकान्यात वेग, दुसऱ्यात खर्च, अन् तिसऱ्यात तिनं लिहिलं, "तुम्हाला कोण अडवू शकतो?" तो तक्ता मीच प्रिंट काढून देल्ला.

अमरदीपसाहेबानं तक्ता पाह्यला अन् बोट पहिल्या रकान्यावर ठेवलं. धनजच्या समाजमंदिरात बैठक होती, मी प्रोजेक्टर लावाले गेलो होतो. साहेब म्हणे, "पहिली घेऊ. वेगाला पर्याय नाही."

साक्षी उभी राह्यली. "सर, आपल्या गटाचे अख्ख्या हंगामात साठ लॉट निघतात. सेकंदाला दोन हजार नोंदी कोणासाठी?"

"उद्या आपल्याला बारा जिल्हे जोडायचे आहेत, मॅडम."

"उद्या जोडाल तेव्हा बघू. आज या बाया आहेत. यांचा माल एकदा एका कम्प्युटरनं साधा करून टाकलाय. पुन्हा एकाच्याच हाती देणार असाल तर ब्लॉकचेन कशाला, त्या व्यापाऱ्याचाच कम्प्युटर काय वाईट होता?"

बायाइले वेग-गणित काही समजलं नसन, पण व्यापाऱ्याचं नाव निघताच साऱ्या जाग्या झाल्या. त्यातली रामीबाई म्हणे, "पोरगी म्हणते तेच घ्या, नाही तं आमाले नाही पाहिजे." साहेबाले तिसरी चेन घ्या लागली. अन् साक्षीनं वर अजून एक अट घातली. गटातल्या अकरा बाया राखणदार. लॉट भरला का त्याइनं कापूस सोता पाहाचा अन् आपापल्या फोनवरून सही दाबाची. अकरातल्या सात सह्या पडल्या तरच तो सेंद्रिय. तिनं साऱ्या गावासमोर सांगतलं, "आता कोणी एकटा माणूस तुमच्या मालाचं खोटं नाही करू शकत. मी शब्द देतो."

तो शब्द तिनं देल्ला अन् मोडला आमी.

प्रत्येक बाईच्या सहीसाठी फोननं बारा शब्द देल्ले होते. इंग्रजी, काही मेळ नसलेले. तेच शब्द म्हणजे किल्ली. ते ज्याच्याजवळ, सही त्याची. साक्षीनं एकेकीले बाजूले घेऊन कागदावर लिहून देल्ले अन् बजावलं, कोणाले दाखवाचे नाही, नवऱ्यालेबी नाही, पोरालेबी नाही, फोटो काढाचा नाही. बायाइनं माना हलवल्या. कागद महत्त्वाचा आहे, एवढं त्याइले बरोबर समजलं. अन् महत्त्वाच्या कागदाचं आपल्याकडे काय करतात? जातीचा दाखला असो, सातबारा असो, आधार असो.

दुसऱ्या दिवशी कारंज्याचा बाजार होता. बाया माह्या दुकानात आल्या, लॅमिनेशन कराले.

मी केलं. एकेक कागद मशीनमंधून गरम गरम काढून देल्ला. अन् सवयीनं आधी प्रत्येकाच्या झेरॉक्सबी काढल्या, कारण लॅमिनेशन झाल्यावर झेरॉक्स चमकते, चांगली येत नाही, हे मीच साऱ्याइले सांगत असतो. दोन महिने माह्या काउंटरवर ती पोरगी बसली, किल्ली म्हणजे काय ते मले कारंज्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त समजत होतं. तरी माह्या हाताले काही वाटलं नाही. पाच वाजता गटाचे सचिव उकंडराव आले. म्हणे, "वसीम, एकेक कॉपी फायलीले पाहिजे. बाया हरवून टाकतीन." मी देल्ल्या. प्लास्टिकच्या फोल्डरमंधी घालून देल्ल्या. कसम से, मले त्या वक्ती असं वाटलं का मी चांगलं काम करून राह्यलो.

उकंडराव वाईट माणूस नाही. हे मी आजबी म्हणतो, अन् म्हणतानी दात खाऊन म्हणतो. दसऱ्यानंतर वेचणी लागली. लॉट भरे, ट्रक उभा राहे, अन् सातव्या सहीसाठी माणूस वावरावावरानं हिंडे. कोणाच्या फोनले रेंज नाही, कोणाचा नातवानं गेम खेळून बॅटरी संपवलेला. ड्रायव्हर शिव्या दे. चौथ्या लॉटले उकंडरावनं अकराही बायाइच्या किल्ल्या आपल्या फोनात टाकून घेतल्या. चोरून नाही, बायाइले सांगून. बाया म्हणाल्या, बरं झालं, आमची पायपीट वाचली. त्या दिवसापासून कापूस पाहाले कोणीच गेलं नाही.

अन् साक्षी तिकडं स्क्रीनवर पाहे, प्रत्येक लॉटले अकराच्या अकरा सह्या. सात लागत होत्या, अकरा पडत होत्या. मले फोन उघडून दाखवे. "पाहा वसीमभाई, पुण्याच्या मोठ्या मोठ्या प्रोजेक्टमंधी इतके लोक सह्या करत नाहीत." मी म्हणे, "वा वा." माह्या तोंडातून एक शब्द निघाला असता तं पुढचं टळलं असतं. पण फायलीतल्या झेरॉक्सचं असं काही होईन, हे माह्या ध्यानीमनी नोहतं. तिनंबी सह्या मोजल्या, वेळ नाही पाह्यली.

सत्ताविसाव्या लॉटले ट्रक थोडा रिकामा राहून राह्यला. उकंडरावच्या साळ्याचा कापूस तिथंच पडलेला होता, चांगला पांढराशुभ्र, चार फवारण्याइचा. पाच-सहा गाठोडे त्यातले टाकले, ट्रक भरला अन् फोनवर अकरा वेळा अंगठा दाबला. महिन्याभरानं प्रयोगशाळेचा कागद आला, मालात औषध सापडलं.

कंपनीचं पत्र धनजले पोचलं. अकरा बायाइनं हा कापूस पाहून सही केली, सही पुसता येत नाही, म्हणून अकराही जणी गटातून बाद अन् त्याइची सर्टिफिकेटं रद्द. पुन्हा घ्याचं असन तं तीन वर्षं पहिल्यापासून. पंधरा दिवसांत सुनावणी. भागिरथाबाईचं नाव यादीत दुसरं होतं.

साक्षी दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आली. हातात सत्ताविसाव्या लॉटच्या सह्याइची प्रिंट. प्रत्येकीसमोर वेळ छापलेली होती. पहिली सही अन् अकरावी सही यात एका मिनिटाचंबी अंतर नोहतं. अकरा बाया, तीन गावाइतली वावरं, अन् एक मिनिट. तिनं मले विचारलं, "वसीमभाई, ह्या किल्ल्या कोणी पाह्यल्या?"

मी खोटं बोललो असतो तं तिले कधीच कळलं नसतं. पण तिच्या डोळ्याकडं पाहून मले नाही जमलं. सांगून टाकलं. लॅमिनेशन, झेरॉक्स, फोल्डर, सारं.

ती ओरडली नाही. स्टुलावर बसली. म्हणे, "बायाइले नाही समजलं, ठीक आहे. तुमाले तं मी समजावून सांगतलं होतं." मले शरमेनं मेल्यासारखं झालं. मी चहा मागवला, तिनं घेतला नाही, तसाच थंड झाला.

आता तिच्यापुढं दोनच रस्ते होते, अन् मी दोन्ही समजून होतो. ती गप्प राह्यली तं अकरा बाया बाद, माय त्यात, पण तिचा तक्ता खरा ठरे. चेननं खोटा माल पकडला, सह्या करणाऱ्या सापडल्या, काम पुढं चालू. अन् खरं बोलली तं बाया वाचत, पण अकरा राखणदार म्हणजे एक फोन होता हे साऱ्याइले समजे, अन् जिच्यासाठी ती साहेबासंगं भांडली ते सारं तिच्याच तोंडानं मातीत जाय.

सुनावणी कारंज्याले झाली, जिनिंग फॅक्टरीच्या बाजूच्या ऑफिसात. बाया भिंतीले टेकून बसल्या, उकंडराव दाराजवळ. मी साक्ष द्याले गेलो होतो. साहेबानं विचारलं, "या अकरा सह्या वेगवेगळ्या व्यक्तींनी केल्या, हे बरोबर?"

साक्षीनं प्रिंट टेबलावर ठेवली. "नाही सर. सगळ्या एकाच फोनवरून झाल्या. बायांनी कापूस पाहिलाच नाही. त्यांचा खोटेपणा नाही, चूक आहे. आणि माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी. मी सह्या मोजत बसले."

मी झेरॉक्सचं सांगतलं. उकंडरावनं खाली मान घालून कबूल केलं, त्यालेबी मी मानतो. बायाइची सर्टिफिकेटं वाचली, फक्त सत्ताविसावा लॉट गेला. अमरदीपसाहेब मोठ्या समजूतदारपणानं म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमचं विकेंद्रीकरण तक्त्यातच होतं. प्रत्यक्षात इथंही एकच माणूस होता." तो चुकीचं बोलून नोहता राह्यला, हे साक्षीलेबी माहीत होतं. मले त्याच्या पांढऱ्या बुटावर पान थुंकावं वाटलं.

बाया बाहेर आल्या. मले वाटलं आता पोरीले जवळ घेतीन. कायचं काय. रामीबाई म्हणे, "साऱ्याइसमोर आमाले अडाणी केलं. उकंडभाऊनं आमच्या भल्यासाठीच केलं होतं ना?" सर्टिफिकेट वाचलं याचं कोणाले काही नाही, अन् अडाणी ठरलो याचं मात्र साऱ्याइले लागलं. भागिरथाबाई पोरीसंगं एका एसटीत बसली, पण शेजारच्या सीटवर नाही.

पुढच्या हंगामाआधी साहेब पुन्हा समाजमंदिरात आला. आता पहिली चेन, वेगवाली. बांधणारा कम्प्युटर एकाच कंपनीचा, राखणदार-बिखणदार काही नाही. गावातल्या एकाच माणसाजवळ सहीचा अधिकार, त्याले महिन्याले पगार. तो माणूस गटानं निवडाचा. बायाइनं एका आवाजात नाव घेतलं, साक्षी. अडाणी केल्याचा राग होता, पण पोरगी खरी आहे हे मनातून साऱ्याइले माहीत होतं. भागिरथाबाईनं कित्येक महिन्यांनं पदर सावरून इकडंतिकडं पाह्यलं. मलेबी बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरीचं काही तरी झालं.

साक्षी उभी राह्यली अन् म्हणे, "मले नको."

"काहून?" मायच म्हणे.

"आई, एकाच्या हाती नको म्हणून मी भांडली. आता तो एक मी आहो म्हणून कसं चालन? उद्या मले कोणी धमकावलं, मी बिमार पडली, माह्यी नियत फिरली, तं तुमी कोणाजवळ जासान? अकरा फोन पुन्हा घ्या. यावेळी मी रोज प्रत्येकीच्या घरी येतो, महिना लागो का वर्ष."

"नियत फिरली म्हणजे?" भागिरथाबाई उठली. "माह्या पोटची पोरगी तू. आमचा साऱ्याइचा तुह्यावर भरोसा आहे, अन् तुहाच तुह्यावर नाही?"

साक्षीच्या बोलण्याचा मुद्दाच तो होता. कोणाच्या भरोशाची गरजच पडू नये म्हणून तं ती दोन महिने माह्या काउंटरवर बसली होती. मायले मात्र एवढंच ऐकू आलं का, दारी आलेली इज्जत पोरीनं लाथाडली.

साहेबानं घड्याळ पाह्यलं. म्हणे, "मग दुसरं नाव सांगा." मंग रामीबाई म्हणे, "उकंडभाऊच करन ना. त्याले सारं येते. एकदा चुकला, आता नाही चुकणार." उकंडराव नाही-नाही म्हणाला, तसं म्हणा लागते म्हणून.

साहेब म्हणे, "हात वर करा, म्हणजे नोंद घेता येईल."

त्या दिवशी कोणाचा फोन नाही, झेरॉक्स नाही, कोणी कोणाच्या वतीनं दाबलं नाही. प्रत्येकीनं आपल्या मनानं, आपला हात, आपणच वर केला. साहेबानं बोट दाखवत मोजले. दहा झाले. तो थांबला अन् भागिरथाबाईकडं पाहाले लागला.

तिनं आधी पोरीकडं पाह्यलं, चांगलं टक लावून. मंग हात वर केला अन् साहेब अकरा म्हणेपर्यंत खाली नाही घेतला.